कढीपत्त्यावरची अळी मारू नका, मुलांना दाखवा

कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली, तर औषध फवारण्याआधी पोरांना बोलवा. पक्ष्याच्या शिटेसारखा काळा-पांढरा ठिपका पानावर दिसला, तर ती बहुधा फुलपाखराची छोटी अळी असते. मोठी झाली की हीच अळी हिरवीगार होते. काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदाच दाखवा, तिला उगाच छळू नये.

अळीसकट डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत उभी करा. बाटलीचं तोंड कापसाने नीट बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडते. बाटली मोठ्या बरणीत ठेवून वर मलमल बांधा. पानं रोज ताजी हवीत. बाजारातली जुडी नको, तिच्यावर फवारणी झालेली असू शकते.

आता हस्तकला: रोज अळीच्या लांबीएवढा हिरव्या लोकरीचा तुकडा कापून वहीत तारखेसमोर चिकटवायचा. चार वर्षांच्या मुलालाही तिची वाढ डोळ्यांनी दिसते. मला हा भाग सगळ्यांत आवडतो.

कोषातून फुलपाखरू बाहेर यायला साधारण १० ते १५ दिवस लागतात. पंख पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, मग बरणी उघडून बागेत ठेवा.