अचानक दम कोंडला तर: हृदय कमी पडल्याची खूण आणि प्रथमोपचार

आडवं झालं की जीव घुसमटतो, उठून बसलं की जरा बरं वाटतं. सोबत छातीत घरघर, थंड घाम, निळसर ओठ, कधी गुलाबी फेसाळ थुंकी. हृदयाचा डावा कप्पा रक्त पुढे ढकलायला कमी पडतो, म्हणून फुप्फुसांत पाणी साठतं. दमा समजून वाफ देत बसू नका. आधी १०८ ला फोन लावा.

पाठीला उशा लावून ताठ बसवा, पाय पलंगाखाली सोडा. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. कपडे सैल करा. पाणी पाजू नका. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट (छातीदुखीवर जिभेखाली ठेवायची गोळी) तर मुळीच नको: रक्तदाब आधीच उतरलेला असेल, तर तो आणखी कोसळतो.

शुद्ध हरपली आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर मात्र जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंमी खोल दाब देत राहा.