शर्यतीचा वेग आणि घोड्यांची संख्या: अंदाज बांधताना या चुका टाळा

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर रेसबुक उघडून बसलेला प्रेक्षक घोड्याचे मागचे निकाल पाहतो, त्याच्या पाठीवरचे वजन पाहतो, जॉकी कोण ते पाहतो. परंतु ती मागची शर्यत किती घोड्यांची होती आणि तिचा पहिला अर्धा भाग कोणत्या वेगाने पार पडला, हे दोन प्रश्न तो क्वचितच विचारतो. अंदाज का फसला याचा शोध घेत मागे गेले की बहुतेक वेळा याच दोन प्रश्नांपाशी येऊन थांबावे लागते, असा माझा अनुभव आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे घोडा कितवा आला एवढेच वाचणे. ७ मे २०२२ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल येथे झालेली केंटकी डर्बी यासाठी बारकाईने पाहण्यासारखी आहे. सव्वा मैलाची शर्यत, २० घोडे, आणि आघाडीसाठी सुरुवातीलाच झोंबाझोंबी. पुढच्या घोड्यांनी पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत आणि अर्धा मैल ४५.३६ सेकंदांत कापला. पूर्ण शर्यतीची वेळ मात्र २ मिनिटे २.६१ सेकंद, म्हणजे उरलेल्या पाऊण मैलाला ७७.२५ सेकंद लागले आणि प्रत्येक पाव मैलाची सरासरी २५.७५ सेकंदांवर गेली. सुरुवातीला आघाडीवर असलेला समर इज टुमॉरो अगदी शेवटचा आला, आणि बराच काळ मागे राहिलेला, ८० ला १ भावाचा, म्हणजे कोणी फारशी आशा न ठेवलेला रिच स्ट्राइक जिंकला.

ती शर्यत पाहणाऱ्याला असे वाटते की रिच स्ट्राइकने शेवटी अचानक विलक्षण वेग घेतला. आकडे वेगळे सांगतात. पुढचे घोडे झपाट्याने मंदावत होते आणि त्याने सुरुवातीला दम राखून ठेवल्यामुळे तो त्यांच्याइतका मंदावला नाही. म्हणून त्याची धाव वीजेसारखी भासली. हा फरक ज्याने ओळखला नाही, त्याने पुढच्या वेळी त्याच घोड्याकडून तशाच धावेची अपेक्षा केली असणार. पाच आठवड्यांनी, ११ जून २०२२ रोजी, अमेरिकेतल्याच बेलमाँट स्टेक्स या शर्यतीत रिच स्ट्राइक पुन्हा धावला. या वेळी घोडे फक्त आठ होते आणि पुढच्या घोड्यांना अर्धा मैल धावायला ४८ सेकंदांहून अधिक वेळ लागला. आघाडीवाल्यांचा दम शाबूत राहिला आणि रिच स्ट्राइक सहावा आला. अंतर पाव मैलाने वाढले होते हे खरे, पण वेगाचे गणित बदलल्याकडे दुर्लक्ष करून त्या निकालाचा उलगडा होत नाही.

यावरून कोणी ‘घोडे कमी म्हणजे वेग मंद’ असे सूत्र बांधील, तर ती दुसरी चूक ठरेल. १९७३ च्या बेलमाँट स्टेक्समध्ये अवघे पाच घोडे होते. तरीही सेक्रेटेरियट आणि शॅम सुरुवातीपासून एकमेकांना भिडले आणि दीड मैलाच्या शर्यतीतला पहिला अर्धा मैल साधारण ४६.२ सेकंदांत संपला. शॅम पाचवा, म्हणजे शेवटचा आला. सेक्रेटेरियट ३१ लेंग्थच्या (एक लेंग्थ म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी) फरकाने २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकला, कारण त्या वेगानंतरही त्याने उरलेल्या मैलात पाव मैलामागे सरासरी २४.४५ सेकंदांची गती टिकवली. असे घोडे अपवादात्मक असतात. शॅमची गत मात्र दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या घोड्याची होते. म्हणून एकूण घोडे किती हे मोजण्याआधी आघाडी हवी असलेले घोडे किती हे मोजावे.

यासाठी मी रेसबुकात प्रत्येक घोड्याच्या नावापुढे ‘पु’, ‘म’ किंवा ‘श’ असे पेन्सिलीने लिहितो: पुढे राहणारा, मध्ये बसणारा, शेवटी येणारा. समजा, १४०० मीटरच्या शर्यतीत बारा घोडे आहेत आणि ‘पु’ एकच आहे. त्याला कोणी छेडले नाही तर तो स्वतःच्या सोयीने वेग ठरवील आणि मागचे अकरा घोडे चांगले असूनही अडकतील. याउलट सात घोड्यांत चार ‘पु’ असतील, तर लहानशी शर्यतसुद्धा आघाडीवाल्यांना थकवून टाकते. ऐन वेळी घोडा मागे घेतला गेला की ही खूण पुन्हा तपासावी लागते, कारण वगळलेला घोडा ‘पु’ असेल तर सारा नकाशा बदलतो. रिच स्ट्राइकला डर्बीत जागा मिळाली तीच मुळी आदल्या दिवशी दुसरा घोडा बाहेर पडल्यामुळे.

जास्त घोड्यांच्या शर्यतीत मागून येणाऱ्या घोड्याला आणखी एक किंमत मोजावी लागते. पूर्ण अर्धवर्तुळाकार वळणावर आतल्या घोड्यापेक्षा एक मीटर बाहेरून धावणाऱ्याला सुमारे ३.१४ मीटर जास्त धावावे लागते, आणि एक लेंग्थ साधारण २.४ मीटर मानली जाते. तीन मीटर बाहेरून गेलेला घोडा जवळपास चार लेंग्थ जास्त धावून जेमतेम दोन लेंग्थने हरला असेल, तर निकालात तो हरलेला दिसतो. माझ्या वहीत त्याच्या नावाखाली रेघ असते. सर्वांत बाहेरच्या गेटमधून सुटलेला रिच स्ट्राइक आत आला आणि सरळ पट्ट्यात एका दमलेल्या घोड्याला वळसा घालून पुन्हा रेलिंगला लागला. ती वाट मिळाली नसती तर वेगाचा सगळा फायदा वाया गेला असता.

संख्या वाढल्यावर अडचण त्याच प्रमाणात वाढते असे समजणे हीदेखील चूक आहे. टनाला नावाच्या पैजेत पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे असतात. आठ घोड्यांत असे ३३६ क्रम होतात आणि सोळा घोड्यांत ३३६०. घोडे दुप्पट, शक्यता दहापट. सोळा घोड्यांच्या शर्यतीतही आठ घोड्यांइतक्याच खात्रीने बोलणाऱ्या टिपवर मी विश्वास ठेवत नाही.

वर सांगितलेल्या अमेरिकी शर्यती मातीच्या ट्रॅकवरच्या आहेत, तेव्हा तिथले आकडे उचलून आपल्याकडे लावू नयेत. महालक्ष्मी आणि पुणे येथे गवतावर शर्यती होतात. गवतावर सुरुवात बहुधा संथ असते आणि खरी चढाओढ शेवटच्या सरळ पट्ट्यात होते. पुण्याच्या पावसाळी हंगामात तर एकाच घोड्याच्या दोन वेळा ताडून पाहण्याआधी त्या-त्या दिवसाचा पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमीन किती मऊ वा कडक आहे हे मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा शेजारी लिहावा. ओल्या, मऊ जमिनीवरची मंद वेळ घोड्याच्या नावावर टाकणे अन्यायाचे आहे.

अंदाज फसला की शर्यतीचे चित्रण पुन्हा पाहताना सुरुवातीला विजेत्याकडे पाहूच नये. आधी अर्ध्या अंतरापर्यंत आघाडीवर असलेले तीन घोडे पाहावेत. तिघेही मागे पडले असतील तर वेग जास्त होता, आणि त्यांतला जो तरीही चौथा-पाचवा आला, त्याचे नाव लिहून ठेवावे. तिघेही पहिल्या चारांत टिकले असतील तर वेग मंद होता, तेव्हा मागून येऊन पाचवा आलेला घोडा शोधावा. पुढच्या वेळी तो कोणत्या शर्यतीत उतरतो आणि तिथे ‘पु’ किती आहेत, ते पाहावे.