'द प्रॉब्लेम इज दॅट' वाली वाक्यं बरोबर कशी बनवायची

इंग्रजीत 'द प्रॉब्लेम इज दॅट आय हॅव नो टाइम', 'द क्वेश्चन इज वेदर ही विल कम', 'माय प्लॅन इज टू गो बाय बस' अशी वाक्यं दिवसभर लागतात, इंटरव्ह्यूत तर प्रत्येक दुसऱ्या उत्तरात. आधी एक नाम, मग इज किंवा वॉज, आणि मग ते नाम नेमकं काय आहे हे सांगणारं आख्खं वाक्य. इंदूरला मी वर्षानुवर्षं मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवतेय आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका सल्ल्याचा, जो मोबाइलवरच्या प्रत्येक व्हिडिओत मिळतो, की "की" म्हणजे दॅट, संपलं. नाही संपलं. अर्ध्या चुका तिथूनच सुरू होतात.

पहिलं काम नाम निवडायचं. ते डोक्यातलं किंवा परिस्थितीतलं पाहिजे, प्रॉब्लेम, फॅक्ट, ट्रूथ, रिझल्ट, होप, पॉइंट, ॲडव्हान्टेज असलं. टेबल किंवा भाऊ घेऊन हे वाक्य बनत नाही. तपासायला सोपं आहे, नाम आणि पुढचं वाक्य यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह टाकून बघा. प्रॉब्लेम = माझ्याकडे वेळ नाही. जमलं ना, मग नाम बरोबर.

दुसरं, आजची गोष्ट असेल तर इज, झालेली असेल तर वॉज, नाम अनेकवचनी असेल तर इजचं आर आणि वॉजचं वेअर. पुढे चला.

हां, एक राहिलं. मराठीत आपण "प्रॉब्लेम हा आहे की" किंवा "असा आहे की" म्हणतो, तो हा आणि असा इंग्रजीत आणायचा नाही. 'द प्रॉब्लेम इज धिस दॅट' चूक. आणि दॅटच्या आधी इज हवाच. 'द फॅक्ट इज दॅट ही केम लेट' हे पूर्ण वाक्य, पण 'द फॅक्ट दॅट ही केम लेट' हे अर्धंच, त्याच्यापुढे अजून क्रियापद लागतं, जसं 'द फॅक्ट दॅट ही केम लेट अँगर्ड एव्हरीवन'. मुलं पेपरात दुसरं लिहून पूर्णविराम देतात आणि मार्क जातात.

आता खरी अवघड जागा, इज नंतर काय येणार. मी शिकत होते तेव्हा माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला होता, म्हणून इथे थांबून वाचा. आपल्या इंदूरच्या मुलांना तर हे दुप्पट अवघड जातं कारण घरी मराठीत की, बाहेर पडलं तर हिंदीत कि, आणि दोन्ही भाषांत तो कसल्याही वाक्याच्या आधी चालतो. "मुद्दा हा आहे की तो आला" चालतं, "प्रश्न हा आहे की तो कुठे गेला" पण चालतं, "प्रश्न हा आहे की तो येईल की नाही" पण चालतं. इंग्रजीत हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि दॅट फक्त पहिल्यात बसतो.

कारण असं की इज नंतर जोडणारी खुर्ची एकच आहे, तिच्यावर दॅट बसला तर व्हेअर, व्हाय, हाऊ, वेदर यांतलं कोणी बसू शकत नाही. म्हणून 'द क्वेश्चन इज दॅट व्हेअर ही वेंट' हे चूक, दॅट काढा, 'द क्वेश्चन इज व्हेअर ही वेंट'. "येईल की नाही" वाल्या वाक्यात मराठीत दोन की आहेत, त्यातला पहिला सोडून द्यायचा आणि दुसऱ्याचा वेदर होतो, 'द क्वेश्चन इज वेदर ही विल कम'. इथे वेदरच्या जागी इफ घालू नका, बोलण्यात कधी ऐकू येईल पण लिहिताना वेदरच. ऑर नॉट लावलं तरी चालतं, नाही लावलं तरी.

दॅट काढून टाकला की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, नाही झालं. प्रश्नाचा क्रम सरळ करायचा राहतो. इथल्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये जाणारी एक मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली होती, तिचं वाक्य होतं 'माय डाऊट इज दॅट व्हाय डिड ही रिफ्यूज'. तिला मी पेन्सिलीने एकेक शब्द खोडायला लावला. आधी डाऊट, कारण बाहेरच्या इंग्रजीत डाऊट म्हणजे विश्वास न वाटणं, आपल्याला काही विचारायचंय तर क्वेश्चन म्हणा. मग दॅट, कारण व्हाय आधीच आलाय. मग डिड, कारण हा आता सरळ प्रश्न नाही, वाक्याचा भाग झालाय, आणि डिड गेला की त्याचा भूतकाळ रिफ्यूजवर चढतो. उरलं 'माय क्वेश्चन इज व्हाय ही रिफ्यूज्ड'. तसंच डझ गेला तर एस क्रियापदाकडे परत येतो, 'व्हेअर डझ ही लिव्ह' चं 'द पॉइंट इज व्हेअर ही लिव्ह्ज'. विल, कॅन, इज असतील तर ते काढायचे नाहीत, फक्त कर्त्याच्या नंतर सरकवायचे, 'हाऊ मच विल इट कॉस्ट' चं 'हाऊ मच इट विल कॉस्ट'.

शिकवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती, हे समजावताना पहिलं उदाहरण हू चं देऊ नका. 'हू विल पे' मध्ये हू स्वतःच कर्ता आहे त्यामुळे क्रम बदलतच नाही, मुलांना वाटतं कुठेच बदलत नाही, आणि मग ते महिनोन्महिने 'द क्वेश्चन इज हाऊ मच विल इट कॉस्ट' लिहीत राहतात. व्हेअर आणि डिड वालं उदाहरण आधी घ्या. आणि कोणी म्हणेल की इंग्रज लोकपण उलटा क्रम बोलतात, तर हो, बोलतात, पण तिथे इज नंतर थांबतात, लिहिताना कॉमा येतो, आणि पुढचा प्रश्न जसाच्या तसा प्रश्नचिन्हासकट असतो. परीक्षेत त्या वाटेला जाऊ नका.

आता टू. प्लॅन, एम, ड्रीम, जॉब, ड्यूटी ही कामं करायची नामं आहेत, त्यांच्यापुढे टू आणि साधं क्रियापद. 'माय ड्रीम इज टू बिकम अ कलेक्टर'. एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेशच्या लोकसेवा आयोगाचं, ऑफिस इंदूरलाच आहे त्यामुळे हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय, आणि निम्मी मुलं 'माय ड्रीम इज दॅट आय वॉन्ट टू बिकम' म्हणतात, ज्यात ड्रीम आणि वॉन्ट एकच गोष्ट दोनदा सांगतात. करणारा बदलला तर मात्र दॅट घ्या, प्लॅन सगळ्यांचा आणि आधी जाणार भाऊ, तर 'द प्लॅन इज दॅट माय ब्रदर विल गो फर्स्ट'. आयडिया आणि सोल्यूशन दोन्हीकडे चालतात, करणारा बघून ठरवा. 'ऑल यू हॅव टू डू इज साइन हिअर' मध्ये टू दिसत नाही म्हणून घाबरू नका, आधी डू येऊन गेलाय म्हणून तो गाळता येतो.

कंडिशन, सजेशन, डिमांड यांच्यापुढे दॅट येतो पण क्रियापद मूळ रूपात, 'द कंडिशन इज दॅट ही पे इन ॲडव्हान्स', पे ला एस नाही. नको वाटत असेल तर शुड घाला, 'ही शुड पे', तेही बरोबर.

रीझनपुढे बिकॉज लावू नका. 'द रीझन इज बिकॉज' बोलण्यात भरपूर ऐकू येतं, पण परीक्षेत ती चूक धरतात, त्यामुळे दॅटच लिहायचा, 'द रीझन आय वॉज लेट इज दॅट द बस ब्रोक डाउन'. आणि घाईत बोलताना 'द थिंग इज इज दॅट' असा इज दोनदा तोंडात येतो, इंग्रजी घरीदारी बोलणाऱ्यांनाही येतो, बोलताना कोणी लक्ष देत नाही पण लिहिलेलं परत वाचताना तो दुसरा इज शोधून खोडा.

सरावासाठी पुस्तकातली वाक्यं घेऊ नका. आज घरात जे बोललात त्यातली की वाली वाक्यं वहीत उतरवा आणि प्रत्येक की च्या पुढे बघा, माहिती आहे, प्रश्न आहे, होय-नाही आहे की करायचं काम आहे. तेवढं पेन्सिलीने बाजूला लिहा आणि मगच इंग्रजी करायला घ्या.