मोनिझम म्हणजे नक्की काय? आधी विचारा, एक म्हणजे कशाचं एक

सोलापुरातल्या अभ्यासिकेत फिलॉसॉफीवाले, लॉवाले आणि एमपीएससीवाले शेजारीशेजारी बसायलेत आणि मोनिझम, म्हणजे कशाचं तरी मोजून एकच आहे असं मानणारा विचार, तिघांच्याही नोट्समध्ये असतो. कुणी एकतत्त्ववाद लिहितो, कुणी एकवाद, कुणी सरळ अद्वैत. प्रत्येकजण आपली व्याख्या पाठ करतो, मग शेजाऱ्याची वही बघितली की डोकं गरगरतं, कारण तिथं काहीतरी भलतंच लिहिलेलं असतं. व्याख्या पाठ करू नका. शब्द दिसला की एकच प्रश्न विचारा: हा लेखक मोजतोय काय, आणि मोजून एक आलं म्हणतोय ते कशाचं?

तत्त्वज्ञानापासून सुरुवात करा. इथं दोन मोजण्या वेगळ्या ठेवायच्या, वस्तू किती आणि वस्तूंचे प्रकार किती. आजचा भौतिकवादी म्हणतो जगात वस्तू अगणित आहेत पण सगळ्या एकाच प्रकारच्या, म्हणजे भौतिक, आणि मन हासुद्धा मेंदूचाच व्यवहार. बर्कलीसारखा विचारवंत उलट टोकाला, त्याच्या मते जे काही आहे ते मन आणि मनातल्या कल्पना एवढंच. हे दोघं एकमेकांचे कट्टर विरोधक, तरी प्रकार एकच मानतात म्हणून दोघंही मोनिस्ट. परीक्षेत भौतिकवाद म्हणजे मोनिझम नाही असं लिहून मार्क घालवणारी पोरं लई आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगायलोय. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं, म्हणजे स्वतंत्र मूळ तत्त्वं, मानली, तो द्वैतवादी. आपल्याकडं सांख्य दर्शनवाले पुरुष (चैतन्य) आणि प्रकृती (जड सृष्टीचं मूळ) अशी दोन तत्त्वं मानतात, तेही द्वैतच.

दुसरी मोजणी, म्हणजे वस्तू किती, जास्त धाडसी. ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस म्हणाला जे आहे ते एकच आहे, बदल आणि अनेकपणा हा आभास. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या एथिक्स या ग्रंथात, जे १६७७ साली त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं, द्रव्य एकच आहे, त्यालाच ईश्वर म्हणा किंवा निसर्ग म्हणा, आणि विचार व विस्तार हे त्याच द्रव्याचे दोन गुणधर्म. आपण सगळे त्या द्रव्याच्या अवस्था. अलीकडं तत्त्वज्ञ जोनाथन शाफरनं २०१० च्या लेखात आणखी एक वाट दाखवली: वस्तू अनेक आहेत, खऱ्या आहेत, पण आधी अख्खं विश्व आणि त्याच्या आधारावर त्याचे भाग. मला हा प्रकार फार आवडतो, कारण यात समोरच्या झाडाला खोटं म्हणावं लागत नाही.

आता धर्माकडं या, आणि इथं घाई करू नका, कारण आपला जिल्हाच या विषयाचं भांडार आहे. पहिली गोष्ट, एकच देव मानणं म्हणजे मोनिझम नव्हे. एकेश्वरवादात देव एक, पण त्यानं निर्माण केलेलं जग त्याच्याहून वेगळं असू शकतं. इस्लाममधला तौहीद हा एकेश्वरवाद, पण त्याच परंपरेत सूफी विचारवंत इब्न अरबीच्या नावानं ओळखला जाणारा वहदत-उल-वुजूद, म्हणजे अस्तित्वच एक असं मानणारा विचार, हा मोनिझमच्या जवळ जातो. देव किती हे विचारून थांबू नका, देव आणि मी यांच्यात अंतर किती हे विचारा.

त्या प्रश्नानं वेदान्त लगेच लागतो. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळतं, आणि पुढं येतं तत्त्वमसि, म्हणजे ते तूच आहेस. शंकराचार्य म्हणतात जीव आणि ब्रह्म एकच, भेद अविद्येमुळं, म्हणजे अज्ञानामुळं. रामानुज म्हणतात ब्रह्म एकच, पण जीव आणि जगत हे त्याचं शरीर, म्हणजे खरे. मध्व म्हणतात भेद खरेच आहेत आणि ते पाच मोजून दाखवतात.

आता पंढरपूर घ्या. ज्ञानेश्वर अमृतानुभवात अज्ञानाचंच खंडन करतात आणि जगाला चैतन्याचा विलास मानतात, म्हणजे अद्वैत खरं पण शंकराचार्यांच्या मायेपेक्षा वेगळ्या वळणाचं. आणि त्याच विठ्ठलाची कन्नड पदं गाणारे पुरंदरदास मध्वांच्या द्वैत परंपरेतले! देव तोच, तत्त्वज्ञान उलटं. म्हणून मंदिर बघून कुणालाही अद्वैतवादी ठरवू नका. खुद्द सोलापुरात सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे वीरशैव संत, आणि वीरशैव परंपरेचं दर्शन शक्तिविशिष्टाद्वैत म्हणून ओळखलं जातं, त्यात साधनेचं टोक म्हणजे लिंगांग सामरस्य, जीव आणि शिव एकरूप होणं. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी जाणाऱ्यांनी निदान एवढं तरी माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कायद्यात शिरताना ब्रह्म, माया सगळं बाजूला ठेवा. इथं मोजायची आहे कायद्याची व्यवस्था. आंतरराष्ट्रीय कायदा आणि देशाचा कायदा ही एकच व्यवस्था की दोन? एक म्हणणाऱ्यांत मोठं नाव कायदेतज्ज्ञ हान्स केल्सेन, दोन म्हणणाऱ्यांत जर्मन कायदेतज्ज्ञ ट्रीपेल, ज्याचं पुस्तक १८९९ चं. ओळखायची चाचणी सोपी: सरकारनं करार मान्य केला, संसदेनं वेगळा कायदा केला नाही, तरी माणूस त्या करारावर बोट ठेवून कोर्टात हक्क मागू शकतो का? नेदरलँड्समध्ये सर्वांना बांधणाऱ्या कलमांपुरतं उत्तर हो, त्यांच्या संविधानाचं कलम ९३ आणि ९४ बघा. ब्रिटनमध्ये नाही.

भारत मुळात द्वैतवादी, म्हणजे दोन व्यवस्था मानणारा, पण सर्वोच्च न्यायालयानं दार थोडं उघडं ठेवलंय आणि उत्तरात हे दोन्ही लिहायचं. संविधानाच्या कलम २५३ नं करार अमलात आणायला कायदा करायचा अधिकार संसदेला दिलाय. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात, कर्ज न फेडल्याबद्दल तुरुंगात टाकायचा प्रश्न होता, कोर्ट म्हणालं की आंतरराष्ट्रीय करारनामा आपोआप देशाचा कायदा होत नाही, पण आपला कायदा त्याच्याशी जुळेल असा वाचला. १९९७ च्या विशाखा निकालात त्याहून पुढं गेलं, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल कायदाच नव्हता, म्हणून महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि कायदा आला २०१३ मध्ये. सोळा वर्षं बायकांना त्या निकालाचाच आधार होता, म्हणून हा वाद पुस्तकी आहे असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. २०२३ च्या नेस्ले खटल्यात मात्र कोर्टानं सांगितलं की कर-करारातली सवलत मिळायला १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० खालची अधिसूचना लागते, ती नसेल तर नुसत्या कराराच्या जोरावर सवलत मागता येत नाही.

लॉवाल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. कायद्याच्या समाजशास्त्रात एकवाद म्हणजे फक्त राज्यसंस्थेचा कायदा तोच कायदा, आणि त्याच्या समोर बहुलवाद, जो रूढी आणि जमातीचे नियमही कायदाच मानतो. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ चा कायदा केला तो या वादात चपखल बसतो. पेपरमध्ये प्रश्न आला की आधी बघा शेजारी करार शब्द आहे की रूढी, आणि त्यावरून केल्सेन लिहायचा की बहुलवाद, ते ठरवा.