सिंगापूर क्रूझला पोरांना घेऊन जाताय? मग बुकिंग आधीच उरका

रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या क्वांटम क्लास (त्यांच्या मोठ्या जहाजांचा एक प्रकार) जहाजांवर करायला एवढं असतं ना, की चढल्यावर बघू म्हणालात तर चांगले स्लॉट गेलेलेच समजा. तिकीट कन्फर्म झालं की ॲपमध्ये किंवा साइटवर बुकिंग नंबर टाकून क्रूझ प्लॅनर उघडायचा, वायफाय, ड्रिंक पॅकेज, बंदरावरच्या टूर सगळं तिथेच मिळतं आणि बहुतेक वेळा जहाजावरच्यापेक्षा स्वस्त. घेतल्यावरही अधूनमधून रेट बघत राहा, उतरला तर जुनं कॅन्सल करून नव्याने घ्या.

पोरांची उंची मात्र घरीच मोजा हो! फ्लोरायडरवर (जहाजावरच कृत्रिम लाटांवर सर्फिंग करायची जागा) पोटावर झोपून सर्फिंगला 52 इंच लागते, उभं राहून करायचं तर 58, आणि एवढा वेळ रांगेत थांबून तिथल्या माणसाने पट्टीला उभं करून नाही म्हटलं की लेकराचं तोंड बघवत नाही. किड्स क्लबला 3 वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेलं हवं.

शो फुकट असतात पण सीट धरावी लागते, जेवणाची वेळ बघून धरा. आजी-आजोबा सोबत असतील तर दिवसभराची टूर नकोच, अर्ध्या दिवसाची बास.