पहिली जादू शिकताना हात नव्हे, नजर तयार करा

पत्त्यांची हातचलाखी शिकायची असेल तर अवघड चाली बाजूला ठेवा आणि एका ‘खुणेच्या पाना’पासून सुरुवात करा. कॅट नीट जुळवता जुळवता किंचित तिरकी करून सर्वांत खालचं पान पाहून घ्या, समजा चौकट सत्ती. समोरच्याला कुठलंही पान काढू द्या, बघू द्या आणि पालथ्या कॅटवर सगळ्यात वर ठेवायला सांगा. आता त्यालाच कॅट काटू द्या आणि खालचा भाग वरच्या भागावर ठेवायला लावा. तुमची सत्ती बरोबर त्याच्या पानावर येऊन बसते. वरून एकेक पान उलगडत जा. सत्तीनंतर येईल ते त्याचं. कितीही वेळा काटलं तरी ही जोडी सहसा तुटत नाही. फक्त सत्ती अगदी तळाशी गेली, तर त्याचं पान सगळ्यात वर असतं. पिसायला मात्र देऊ नका.

खरी मेहनत ते एक पान पाहण्यात आहे. त्या क्षणी नवशिक्याची मान खाली जाते, बोलणं थांबतं. म्हणून पान आधीच पाहून ठेवा, मगच जादूचा विषय काढा. आरशासमोर सराव करताना नेमक्या चोरट्या क्षणी आपलेच डोळे मिटतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. त्यापेक्षा मोबाइलवर चित्रीकरण करून बघा. सत्ती दिसल्यावर हात अडखळतो का, तेही त्यात कळेल. आणि तीच जादू त्याच माणसाला लगेच पुन्हा दाखवू नका, दुसऱ्यांदा तो हातांकडेच बघत असतो.