जंक्शन बाद ठरवण्याआधी भोवरा शोधा

नायोबियमच्या जोसेफसन जंक्शनवर (दोन अतिसंवाहक, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहू देणारे थर आणि मधे पातळ अडथळा) पहिल्यांदा मापनाला बसणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विनवते: आलेख वाकडा आला म्हणून जंक्शनला दोष देऊ नका, आधी ते १२ केल्व्हिनपर्यंत गरम करून पुन्हा थंड करा. मी हे केलं नव्हतं. माझी एक चांगली चिप महिनाभर ‘बाद’ लिहिलेल्या डबीत पडून होती.

आधी चांगला आलेख कसा असतो ते डोळ्यांत बसवा. जंक्शनच्या पातळीत चुंबकीय क्षेत्र वाढवत क्रिटिकल करंट, म्हणजे व्होल्टेज न येता वाहू शकणारा सर्वांत मोठा करंट, मोजला, की मधे एक उंच कळस आणि दोन्हीकडे उतरत्या टेकड्या दिसतात. कळसाची रुंदी टेकडीच्या दुप्पट, आणि मधल्या दऱ्या जवळजवळ शून्याला टेकलेल्या. पहिली दरी जंक्शनमध्ये एक फ्लक्स क्वांटम (अतिसंवाहकातला चुंबकीय फ्लक्सचा मूळ घटक), म्हणजे २.०७ × १०⁻¹⁵ वेबर, मावला की येते. माझं जंक्शन १० मायक्रोमीटर रुंद होतं आणि क्षेत्र दोन्ही थरांत मिळून सुमारे १८० नॅनोमीटर शिरत होतं. क्वांटमला या दोन्हींच्या गुणाकाराने भागलं की १.१५ मिलिटेस्ला. तुमचा आकडा मोजायच्या आधीच वहीत लिहा.

थंड होताना थरात भोवरा, म्हणजे एका फ्लक्स क्वांटमचा धागा आणि त्याभोवती फिरणारा करंट, अडकला असेल तर कळस ठेंगणा होतो, बाजूला सरकतो, दऱ्या भरून येतात. भोवऱ्याभोवती फेज, म्हणजे अतिसंवाहक इलेक्ट्रॉनांच्या लहरीची कला, पूर्ण २π फिरते. तो जंक्शनच्या कडेला बसला, की त्या फिरण्यातला वाटा जंक्शनच्या लांबीवर पसरतो आणि एका टोकाचा करंट दुसऱ्या टोकाला विरोध करतो. दोन्ही थरांतून सरळ आरपार गेलेला भोवरा फारसा छळत नाही. एकाच थरातला किंवा तिरका झालेला छळतो.

आता परीक्षा. करंट आणि क्षेत्र, दोन्हींची दिशा उलटी करून पुन्हा मोजा. आलेख तंतोतंत जुळला तर वाकडेपणा करंटच्या स्वतःच्या क्षेत्राचा आहे, भोवरा निर्दोष. जुळला नाही तर १२ केल्व्हिनपर्यंत गरम करा (नायोबियम ९.२ ला अतिसंवाहक होतं), कॉइलची वायर सप्लायमधून काढूनच टाका, कारण नॉब शून्यावर असला तरी थोडा करंट वाहत राहतो. मग सावकाश ४.२ पर्यंत या. असं तीन-चारदा करा. दर खेपेला आलेख निराळा आला तर भोवरा. दर खेपेला तेवढाच सरकलेला आला तर बहुधा बाहेरचं क्षेत्र.

बाहेरचं क्षेत्र क्षुल्लक समजू नका. पृथ्वीचं सुमारे ४० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र फिल्मला लंब असेल, तर ७ मायक्रोमीटरच्या चौकोनामागे एक भोवरा असा हिशेब होतो! म्हणून म्यू-मेटलचं, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं कवच हवं, आणि तेही डीगॉस केलेलं, म्हणजे त्याचं स्वतःचं चुंबकत्व घालवलेलं. नवी चिप आखत असाल तर जंक्शनच्या आसपास फिल्ममध्ये खाचा ठेवा, थंड होताना भोवरे त्यांत जाऊन बसतात.

माझ्याकडे दोषी निघाला चिपशेजारचा निकेलचा मुलामा दिलेला कनेक्टर. तेव्हापासून होल्डरमध्ये जाणारा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर मी आधी टेबलावर दोऱ्याला टांगलेल्या चुंबकाजवळ धरून बघते. चुंबक हलला की तो तुकडा बाजूला. कनेक्टर बदलला, डबीतली चिप पुन्हा लावली, आणि पहिली दरी १.१ आणि १.२ मिलिटेस्लाच्या मधे, दोन्ही बाजूंना सारखी उमटली.